मदत हवी आहे: जर्मनीतल्या स्वस्त दुकानातल्या पिठाच्या पोळ्या

नमस्कार मंडळी! लेक शिकायला लाइपझिगला आहे. भारतीय दुकान खिशाला परवडत नाही, म्हणून बहुतेक सामान आल्डी, लिडल नाहीतर पेनीतून आणते. दूध, दही, कांदे-बटाटे, मसूर डाळ, सगळं मिळतं. (प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट डिपॉझिट मशीनमधून परत मिळतं, हे मात्र बाईसाहेबांना पहिल्याच आठवड्यात कळलं!)

अडलंय ते पोळ्यांवर. तिथे गव्हाच्या पिठाच्या पुड्यांवर 405, 550, 1050 असे नंबर असतात (नंबर मोठा तसा पिठात कोंडा जास्त). 405 म्हणजे जवळजवळ मैदाच, पोळ्या वातड होतात. नुसत्या फोलकोर्नच्या, म्हणजे कोंड्यासकट दळलेल्या अख्ख्या गव्हाच्या पिठाच्या, लाटताना फाटतात. 1050 मध्ये थोडं फोलकोर्न मिसळून कोणी केल्या आहेत का? प्रमाण काय घेता? पाणी कोमट की गार? आणि तूरडाळ-पोहे तुर्की किंवा आशियाई दुकानात स्वस्त पडतात का? रविवारी तिथे दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारच्या आत सांगितलंत तर बरं.