एलएस१ ला १,४०,००० माईल झालेत, टॅपेट बदलायचेच तर एलएस७ वाले टाकू का?

टिकटिक_व्ही८:
नमस्कार मंडळी, गाडी सी५ कॉर्वेट, मॅन्युअल गिअर, इंजिन एलएस१ म्हणजे ५.७ लिटरचं. १,४०,००० माईल झालेत आणि इंजिन आतून कधी खोललेलंच नाही, व्हॉल्व्ह कव्हरच्या खालचं सगळं कंपनीतून आलं तेच आहे. हल्ली सकाळी चालू केली की उजव्या बाजूने टिकटिक येते, गरम झाल्यावर कमी होते पण पूर्ण जात नाही, आणि रेस दिली की आवाज पण तेवढाच पळतो. गाडी मी जोरात चालवतो, वरच्या आरपीएमला नेतो, त्यामुळे नुसतं दुर्लक्ष करून चालवत राहायची हिंमत होत नाहीये. डोक्यात असं आहे की हायड्रॉलिक रोलर लिफ्टर (म्हणजेच टॅपेट, कॅमची हालचाल पुशरॉडकडे पोचवणारे) सगळे १६ बदलायचे आणि बदलायचेच तर एलएस७ वाले टाकायचे, किंवा एक पायरी वर जाऊन लिंक बारवाले. कॅम सध्या ओरिजिनलच ठेवायचा आहे. प्रश्न एवढाच की खरंच फरक पडतो का, आणि सोबत अजून काय काय बदलावं लागेल? हेड न काढता होतं असं एकाने सांगितलं, ते खरं का?

रेंच_आणि_चहा:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाही होत. एलएस मध्ये हेड न काढता कॅम बदलता येतो, कारण कॅम फिरवला की लिफ्टर वर ढकलले जाऊन प्लास्टिकच्या ट्रेमध्ये अडकून राहतात आणि कॅम पुढून ओढून काढता येतो. तुझ्या मित्राने बहुतेक तेच ऐकलं असणार. लिफ्टर बाहेर काढायचे म्हणजे दोन्ही हेड उतरवायचीच.

म्हणून म्हणतो आधी नक्की कर की आवाज लिफ्टरचाच आहे. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा मागचा बोल्ट तुटणं हा जुना रोग आहे, आणि त्याची टिकटिक हुबेहूब टॅपेटसारखी येते, थंड असताना जोरात, मग लोखंड गरम होऊन फुगलं की फट बुजते आणि आवाज कमी. तुझी लक्षणं वाचून मला पहिला संशय तिथेच आला. आरसा आणि टॉर्च घेऊन मागचे बोल्ट बघ, गास्केटपाशी काळी काजळी दिसते का बघ. दुसरं म्हणजे पिस्टन स्लॅप (पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला आपटणं), एलएस१ मध्ये थंडपणी तोही येतो, पण तो ठकठक असा जड आवाज असतो, टिकटिक नाही. आणि तिसरं, ऑइल प्रेशर किती आहे ते तू लिहिलंच नाहीस राव! पंपाच्या पिकअप ट्यूबवर एक छोटी ओ-रिंग असते, ती कडक होऊन चिरली की पंप तेलासोबत हवा ओढतो आणि लिफ्टर पोकळ होऊन वाजायला लागतात. अशा वेळी नवे लिफ्टर टाकलेस तरी तेही वाजणार. डॅशवरच्या आकड्यावर जाऊ नको, सेन्सर पण म्हातारा झालाय, मेकॅनिकल गेज लाव. कंपनीची किमान मर्यादा अगदीच खाली आहे, गरम इंजिनला १००० आरपीएमला ६ पीएसआय, २००० ला १८ आणि ४००० ला २४, पण जोरात चालवणाऱ्याने त्या आकड्यांवर समाधान मानू नये.

घट्ट_तेल:
एवढा खटाटोप कशाला भाऊ, १५डब्ल्यू-५० टाक आणि मजा कर. जुन्या इंजिनला जाड तेल लागतंच, माझ्या गाडीचा आवाज गायब झाला.

रेंच_आणि_चहा:
आवाज गायब झाला म्हणजे झीज गायब झाली असं नाही ना दादा. लिफ्टरच्या रोलरच्या बेअरिंगमधल्या सुया झिजत असतील तर जाड तेल फक्त कानावर हात ठेवतं. थंड स्टार्टला तर जाड तेल वर पोचायलाच उशीर लागतो, आणि याची तक्रार थंड स्टार्टचीच आहे.

टिकटिक_व्ही८:
बघितलं सगळं. मॅनिफोल्डचे बोल्ट सगळे जागेवर आहेत, काजळी कुठेच नाही. मेकॅनिकल गेजवर गरम आयडलला ३० पीएसआयच्या आसपास आणि रेस दिल्यावर ५० च्या वर, म्हणजे पंप आणि ओ-रिंग ठीक असावेत. स्टेथोस्कोप लावला तर ६ नंबर सिलिंडरच्या वर आवाज सगळ्यात स्पष्ट. व्हॉल्व्ह कव्हर काढून रॉकर (पुशरॉडने हलून व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हलवून बघितले, त्याच सिलिंडरच्या इनटेकच्या रॉकरला बाकीच्यांपेक्षा जास्त खेळ आहे. ऑइल फिल्टर कापून कागद पसरवला, त्यात थोडी बारीक चमक आहे, मॅग्नेटला अगदी किंचित चिकटते, पण सुयांचे तुकडे वगैरे नाहीत.

सोळा_लिफ्टर:
आता बोलता येईल. मॅग्नेटला काहीतरी चिकटतंय म्हणजे हेड उतरव, थांबू नको. रोलरची बेअरिंग पूर्ण सुटली की सुया तेलाच्या पॅनमध्ये आणि रोलर कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) घासत बसतो, मग कॅम पण गेला आणि त्या चुऱ्यासोबत पंप पण.

एलएस७ लिफ्टरबद्दल लोकांच्या डोक्यात उगाच जादू बसली आहे. चांगला पार्ट आहे, ७.० लिटरच्या ज्या इंजिनात तो आला ते ७००० आरपीएमपर्यंत जातं, आणि बॉडीचा व्यास तोच ०.८४२ इंच असल्यामुळे तुझ्या ब्लॉकमध्ये सरळ बसतो. पण तो टाकून हॉर्सपॉवर वाढत नाही. ओरिजिनल कॅम आणि ओरिजिनल ताकदीच्या स्प्रिंगवर तुला जे मिळणार ते म्हणजे नवा, न झिजलेला लिफ्टर, बस्स. लिंक बारवाल्याचा खरा फायदा म्हणजे दोन लिफ्टर एका पट्टीने जोडलेले असतात, त्यामुळे ते स्वतःभोवती फिरू शकत नाहीत आणि प्लास्टिकच्या ट्रेवर अवलंबून राहावं लागत नाही. मोठा कॅम आणि कडक स्प्रिंग टाकायचा विचार पुढे असेल तर आत्ताच लिंक बार घे, हेड परत कोण उतरवणार. नसेल तर एलएस७ पुष्कळ झाले.

पण एलएस७ घेतलेस तर ट्रे चारही नवीन घ्यायचे, हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. एवढ्या माईलनंतर उष्णतेने ट्रेचं प्लास्टिक सैल झालेलं असतं, लिफ्टर त्यात ढिला बसतो, किंचित फिरतो, रोलर लोबवर तिरका होतो आणि नवा लिफ्टर पण काही दिवसात संपतो. लोक भारी लिफ्टर घेतात आणि ट्रेवर पैसे वाचवतात, मला हे कधीच कळलेलं नाही.

हेडचे एम११ बोल्ट ताणून बसणारे आहेत, ते परत वापरायचे नाहीत. २००३ पर्यंतच्या ब्लॉकमध्ये दोन लांबीचे येतात, लांब आणि आखूड, ऑर्डर करताना आपलं वर्ष बघून घे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्लॉकमधली बोल्टची भोकं खालून बंद आहेत. हेड उचलताना कूलंट त्यात जातंच, ते हवेने उडवून पूर्ण कोरडं केलं नाहीस तर बोल्ट आवळताना पाण्याला जायला जागा नसते आणि ब्लॉकच तडकतो. अॅल्युमिनियमचा ब्लॉक आहे, माफी नाही.

हेड काढल्यावर लिफ्टरची बोअर बोटाने आणि गेजने बघ. या ब्लॉकमध्ये बोअरला वेगळी स्लीव्ह नसते, थेट अॅल्युमिनियममध्येच लिफ्टर चालतो, तिथे ओरखडे असतील तर नवा लिफ्टर पण तेल गळू देणार. कॅमचे लोब टॉर्च मारून बघ, नख फिरवून बघ. नख अडकलं, खड्डा किंवा सोललेला पट्टा दिसला तर ओरिजिनल ठेवायचा हट्ट सोड. गुळगुळीत असेल तर जुन्या कॅमवर नवे रोलर लिफ्टर चालतात, रोलर नसलेल्या फ्लॅट टॅपेटसारखी जोडी जमवायची भानगड यात नाही.

एक सांगायचं राहिलं, पुढेमागे कोणी हा धागा वाचून नंतरच्या गाडीला लावायला जाईल म्हणून, हे सगळं एएफएम (काही सिलिंडर तात्पुरते बंद करणारी यंत्रणा) नसलेल्या इंजिनाचं आहे. ज्यात चार सिलिंडर बंद होतात तिथे १, ४, ६, ७ चे लिफ्टर वेगळे असतात, आणि ते काढून साधे टाकायचे तर कॅम, व्हॅली कव्हर आणि ट्यून सगळंच बदलावं लागतं.

नट_बोल्ट_नाना:
सोळा_लिफ्टरने सगळं सांगितलं पण प्रीलोड (बसवल्यावर लिफ्टरच्या आतला प्लंजर किती दाबला जातो ते) राहिला, आणि नव्या लिफ्टरनंतर टिकटिक परत आली असं जे लोक लिहितात त्यातले निम्मे तरी इथेच अडकलेले असतात. एलएसचे रॉकर अॅडजस्ट होत नाहीत, बोल्ट २२ फूट-पाउंडला आवळायचा आणि झालं. म्हणजे प्लंजर किती दाबला जातो ते फक्त पुशरॉडच्या लांबीवर ठरतं. ओरिजिनल ७.४०० इंचाच्या जवळपास असतो. हेड घासलं असेल किंवा गास्केट पातळ टाकलं असेल तर तेवढा प्रीलोड वाढतो, लहान बेस सर्कलचा (लोबचा उंचवटा नसलेल्या गोल भागाचा) कॅम असेल तर कमी होतो. कमी झाला की टिकटिक, फार जास्त झाला की वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही.

सोपं मोजमाप: सिलिंडर बेस सर्कलवर आण (एक्झॉस्ट उघडायला लागला की इनटेक मोजायचा, इनटेक बंद होत आला की एक्झॉस्ट), रॉकरचा बोल्ट हाताने खेळ संपेपर्यंत आवळ, मग २२ पर्यंत किती फेरे लागतात ते मोज. बोल्ट एम८ ला १.२५ चा आटा आहे, एक फेरा म्हणजे १.२५ मिमी प्रीलोड.

सोळा_लिफ्टर:
नाना, फेऱ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. १.२५ मिमी रॉकरचा मधला भाग खाली जातो, पण व्हॉल्व्हचं टोक जागेवर असतं ना, त्यामुळे १.७ रेशोच्या रॉकरला पुशरॉडकडचं टोक जवळपास २ मिमी खाली जातं, म्हणजे एका फेऱ्याला ०.०७८ इंच. या फरकात चुकीची पुशरॉड ऑर्डर होते. मी तर फेरे फक्त अंदाजाला धरतो आणि लांबी कमीजास्त होणारा चेकर पुशरॉड वापरतो. खेळ संपला तेव्हा ७.३४० आला आणि ०.०६० प्रीलोड हवा, तर ७.४०० मागवायचा. एलएस७ ला बरेच जण ०.०६० च्या आसपास धरतात, पण लिंक बारमध्ये शॉर्ट ट्रॅव्हलवाले (प्लंजर कमी सरकणारे) येतात त्यांना बरंच कमी लागतं, सोबतच्या कागदावर जे छापलंय तेच धर.

टिकटिक_व्ही८:
खूप आभार सगळ्यांचे. ठरलं, एलएस७ लिफ्टर, चार नवे ट्रे, नवे बोल्ट आणि गास्केट, पुशरॉड मोजल्यावरच मागवतो. व्हॉल्व्ह स्प्रिंग पण याच वेळी बदलू का? आणि लिफ्टर लावायच्या आधी तेल भरून पंप करायचे असतात का?

नट_बोल्ट_नाना:
स्प्रिंग बदल, १,४०,००० माईलनंतर त्या मऊ पडलेल्या असतात आणि हेड टेबलावर असताना ते काम कितीतरी सोपं आहे. लिफ्टर हाताने पंप करत बसू नको, स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेव, रोलरवर तेल लाव आणि बसव. पहिल्यांदा चालू करताना मात्र फ्युएल पंप आणि कॉइल बंद करून नुसता स्टार्टर मार, थोडा थोडा, मध्ये स्टार्टरला विश्रांती देत, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. मग चालू कर. सुरुवातीला काही मिनिटं खडखड येईल, लगेच घाबरून बंद करू नको, प्रेशर असेल तर हवा निघून जाते. गाडी थोडी चालवून झाली की तेल आणि फिल्टर बदल आणि तो फिल्टर पण कापून बघ.