मदत हवी आहे: रॉड्रिग्ज (१९७३) आणि प्लायलर (१९८२) यांचा मेळ कसा लावायचा?

एलएलएमच्या सेमिनारसाठी अमेरिकन शालेय शिक्षणावरचे निकाल वाचतोय. ब्राऊन (१९५४, शाळांतल्या वंशभेदावरचा निकाल) नीट समजलाय, त्यावर नको. गाडी अडलीय ती पुढे.

रॉड्रिग्ज खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५-४ ने सांगितलं की शिक्षण हा संघराज्य घटनेतला मूलभूत हक्क नाही. त्यामुळे मालमत्ता करावर चालणारी टेक्ससची शाळानिधी व्यवस्था टिकली. नऊ वर्षांनी त्याच टेक्ससचा कायदा प्लायलरमध्ये ५-४ नेच रद्द झाला. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना फुकट शिक्षण नाकारणारा तो कायदा. टेक्ससमधल्या टायलर शहराच्या शाळा तर वर्षाला १,००० डॉलर फी मागत होते! गंमत म्हणजे रॉड्रिग्जचा निकाल लिहिणारे न्या. पॉवेल इथे बहुमतात आहेत.

दोन्ही निकाल मूळातून वाचलेत, पॉवेल यांचं स्वतंत्र मतही. मुलांना आईवडिलांच्या कृत्याची शिक्षा नको, हा मुद्दा पटतो. पण तो नैतिक वाटतो, कसोटी (म्हणजे कायदा समानतेच्या हक्काला धरून आहे का, हे कोर्ट किती कडकपणे तपासतं) म्हणून हाती लागत नाही. प्लायलरचा बहुमताचा निकाल लिहिणारे न्या. ब्रेनन शिक्षण मूलभूत हक्क नाही हे मान्य करतात, या मुलांना 'संशयित वर्ग'ही (suspect class, ज्याच्याशी केलेला भेदभाव कोर्ट सर्वात कडकपणे तपासतं) मानत नाहीत, तरी राज्याकडून 'भरीव हेतू' मागतात.

आपल्या घटनेतल्या कलम २१अ शी (शिक्षणाचा हक्क) तुलना नंतर करणार आहे, तिकडे आत्ता वळू नका. सशुल्क डेटाबेस माझ्याकडे नाही.

तर नेमकं सांगा: प्लायलरमधली कसोटी 'मधल्या' पातळीची (intermediate scrutiny) म्हणायची, की साध्या तर्कसंगततेचीच (rational basis, कायद्यामागे वाजवी कारण असलं की पुरे) जरा कडक आवृत्ती? आणि निकालातल्या कुठल्या भागावरून?