मदत हवी आहे : टूविक्सच्या मृत्यूला जबाबदार कोण?

'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' ही अंतराळयानावरची टीव्ही मालिका पाहिलेल्यांना विचारतेय. १९९६ सालचा 'टूविक्स' हा भाग मुलीबरोबर पाहिला आणि आठवडाभर आमचा वाद चाललाय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ट्रान्सपोर्टरमधल्या (माणसांना क्षणात एका जागेहून दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्रातल्या) अपघातात यानावरचा सुरक्षा अधिकारी टुवॉक आणि स्वयंपाकी नीलिक्स एकजीव होतात आणि टूविक्स नावाचा तिसराच माणूस तयार होतो. त्याला दोघांच्याही आठवणी आहेत, पण स्वभाव स्वतःचा आहे. पुढे यानावरच्या डॉक्टरला दोघांना वेगळं करायचा उपाय सापडतो. टूविक्स म्हणतो, मला जगायचंय. कॅप्टन जेनवे तरीही त्यांना वेगळं करायचं ठरवते. डॉक्टर नकार देतो, कारण रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव तो घेणार नाही. मग ती स्वतःच्या हाताने ते करते.

मुलीच्या मते दोन जीव वाचले, विषय संपला. मला ते पटत नाही. त्या दोघांना टूविक्सने मारलेलं नव्हतं, मग त्याच्या जिवाने भरपाई का? पण उलटही वाटतं, की टुवॉक आणि नीलिक्सची बाजू मांडायला तिथे दुसरं होतं कोण?

मला खरी टोचणी ब्रिजवरच्या, म्हणजे यानाच्या नियंत्रण कक्षातल्या, प्रसंगाची आहे. टूविक्स एकेकाकडे पाहून विनवतो आणि सगळे गप्प राहतात. रोज त्याच्या हातचं जेवणारी माणसं ही! हुकूम कॅप्टनचा होता, म्हणून बाकीचे सुटतात का? आणि डॉक्टरने हात लावला नाही, पण अडवलंही नाही. तेवढ्याने त्याची जबाबदारी संपते?

कुणी नीतिशास्त्र शिकलं असेल तर यावर नेमका विचार कसा करायचा, सांगाल का? रविवारी मुलीशी पुन्हा बोलायचंय.