मदत हवी आहे : बंध एन्थाल्पीवरून मिथेनच्या ज्वलनाची दोन वेगवेगळी उत्तरे का येतात?

नमस्कार. बारावीला रासायनिक उष्मागतिकी शिकवताना आलेली एक अडचण मांडत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बंध तोडायला ऊर्जा (एक मोल बंधांसाठी लागणारी ती बंध एन्थाल्पी) द्यावी लागते आणि बंध जुळताना ती बाहेर पडते, हे मुलांना पटते. मिथेनच्या ज्वलनात चार कार्बन-हायड्रोजन बंध (प्रत्येकी 413 किलोज्यूल प्रतिमोल) आणि ऑक्सिजनच्या दोन रेणूंतील दुहेरी बंध (प्रत्येकी 498) तोडायला एकूण 2648 किलोज्यूल लागतात. तयार होणाऱ्या पाण्यातील चार बंध 463 प्रमाणे 1852 किलोज्यूल परत देतात. इथवर सगळे सुरळीत आहे. मात्र सोबत तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधील दोन कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधांसाठी एका तक्त्यात प्रत्येकी 741, तर दुसऱ्यात 799 दिले आहेत. त्यामुळे उत्तर एकदा उणे 686 येते, एकदा उणे 802. पुस्तकातील प्रमाण ज्वलन एन्थाल्पी उणे 890 आहे. त्यातला 802 नंतरचा 88 चा फरक समजतो, कारण बंध एन्थाल्पी वायुरूप रेणूंसाठी असते, पुस्तकात पाणी द्रवरूप धरलेले असते आणि 25 अंश सेल्सिअसला दोन मोल वाफेचे पाणी होताना प्रतिमोल 44 किलोज्यूल सुटतात. पण एकाच बंधाच्या दोन किमती कशा, या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला नेमके उत्तर काय द्यावे?

प्रतिसाद :

सर, विद्यार्थिनीची शंका अगदी रास्त आहे. 741 ही ॲल्डिहाइड, कीटोन अशा संयुगांवरून काढलेली सरासरी आहे, तर 799 खास कार्बन डायऑक्साइडची. त्या सरळ रेषेतील रेणूत पाय (π) इलेक्ट्रॉन, म्हणजे दुहेरी बंधातील दुसऱ्या बंधाचे इलेक्ट्रॉन, तिन्ही अणूंवर पसरलेले असल्याने तो अधिक स्थिर असतो, म्हणून इथे 799 च घ्यावी.

तीही पुन्हा सरासरीच, हे वर्गात आवर्जून दाखवावे. कार्बन डायऑक्साइडमधून पहिला ऑक्सिजन सुटा करायला सुमारे 532 किलोज्यूल पुरतात, पण उरलेला कार्बन मोनॉक्साइड फोडायला सुमारे 1076 लागतात, कारण त्यात आता तिहेरी बंध असतो. बेरीज 1608, म्हणजे बंधामागे 804. तक्त्यातील आकडा याच्या अगदी जवळ आहे. पहिल्या बंधाला 799 लागतील असे गृहीत धरणारा विद्यार्थी इथेच अडखळतो.

परीक्षेत मात्र प्रश्नासोबत दिलेल्या किमतीच वापरायला सांगावे.