मदत हवी आहे: गुळाच्या सौद्यांच्या टेबलात कुठल्या कॉलमला कुठला इंडेक्स (शोध पटकन लागावा म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची)?

अडत_सॉफ्टवेअर, कोल्हापूर
मार्केट यार्डातल्या गूळ अडत दुकानासाठी पोस्टग्रेस १५ या डेटाबेसवर सॉफ्टवेअर आहे. सौदे टेबलात ६० लाख ओळी. कॉलम: पावती क्रमांक, सौद्याची वेळ, गुऱ्हाळाचं नाव, गाव, प्रत, रवे (गुळाच्या ढेपा), दर, पट्टी (विक्रीचा हिशेब) दिली का. प्रत्येकावर वेगळा साधा बी-ट्री (क्रमाने लावलेला नेहमीचा इंडेक्स) आहे. तरीही नावाच्या मधला शब्द शोधला की ८ सेकंद लागतात, आणि सौदे चालू असताना नोंदीही रेंगाळतात. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांआधी हे मार्गी लावायचंय.

पंचगंगा_डीबी
भावा, कॉलमचा प्रकार बघून इंडेक्स ठरत नाही, व्हेअरमध्ये, म्हणजे शोधाच्या अटीत, काय लिहिता त्यावर ठरतो. नोंदी रेंगाळण्याचं एक कारण तर समोरच आहे: एक ओळ घातली की आठ इंडेक्सांत लिहावं लागतं.

पावती क्रमांकाचा युनिक बी-ट्री राहू दे. हॅश प्रकारचा इंडेक्स तिथे घेऊ नका, हॅशवर युनिक करता येत नाही. प्रत, रवे आणि दर यांचे काढा. प्रतीची चार-पाचच वेगळी मूल्यं असतील तर प्लॅनर (शोध कसा घ्यायचा ते ठरवणारा भाग) बहुतेक वेळा सगळं टेबलच वाचायला लावतो. 'पट्टी दिली का' यावर पार्शल इंडेक्स करा, फक्त न दिलेल्या ओळींचा. थकलेल्या पट्ट्या थोड्याच असतात, म्हणून तो अगदी छोटा राहतो. गाव आणि वेळ मिळून एक बी-ट्री, गाव आधी: बरोबरीची अट पुढे, 'पासून-पर्यंत'ची मागे.

नुसत्या वेळेवर महिन्या-वर्षाचे रिपोर्ट काढत असाल तर ब्रिन प्रकारचा इंडेक्स. तो डीफॉल्टने १२८ पानांमागे, म्हणजे १ एमबीमागे, एकच नोंद ठेवतो. आधी पीजी_स्टॅट्स या आकडेवारीत त्या कॉलमचं कोरिलेशन, म्हणजे ओळी डिस्कवर वेळेच्याच क्रमाने आहेत का, ते बघा. ते १ च्या जवळ नसेल, मागच्या तारखेच्या पावत्या सर्रास घातल्या जात असतील, तर ब्रिन घेऊ नका. घेतलात तर ऑटोसमराइझ (नव्या पानांची नोंद आपोआप घेणं) चालू करा, ते मुळात बंद असतं.

ट्रायग्रॅम_वाला
नावासाठी पीजी_टीआरजीएम एक्स्टेन्शन (ते शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करतं) आणि त्या तुकड्यांचा जिन इंडेक्स, ऑपरेटर क्लास जिन_टीआरजीएम_ऑप्स. शोधात सलग किमान तीन अक्षरं हवीत. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे 'माने' चार धरलं जातं.

पण आधी शो_टीआरजीएम फंक्शनला 'पाटील' देऊन बघा. रिकामा अॅरे आला तर डेटाबेसचा एलसी_सीटाइप (अक्षर कशाला म्हणायचं ते ठरवणारी सेटिंग) 'सी' आहे. देवनागरी तिथे अक्षरं म्हणून धरलीच जात नाही. उत्तर बरोबर येईल, पण इंडेक्स असून नसल्यासारखा.

'गुऱ्हाळ'मधल्या ऱ्हकडे खास लक्ष द्या. कुणी एकसंध ऱ टाइप करतं, कुणी र आणि खाली नुक्ता, कुणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). स्क्रीनवर एकसारखं दिसतं, लाइक शोधाला मात्र जुळत नाही. पहिले दोन नॉर्मलाइझ फंक्शनने एक होतात. तिसरा होत नाही, तो रिप्लेसने बदलावा लागतो. नोंद घेतानाच साफ केलेलं नाव वेगळ्या कॉलमात ठेवा आणि इंडेक्स त्यावर करा. शोधायचा शब्दही त्याच चाळणीतून काढा.

अडत_सॉफ्टवेअर, कोल्हापूर
रिकामाच आला! नुसत्या त्या कॉलमला कोलेट (वेगळी भाषा-सेटिंग) लावून भागेल का?

ट्रायग्रॅम_वाला
नाही. हे एक्स्टेन्शन डेटाबेसचंच लोकेल (भाषा-सेटिंग) बघतं. टेम्प्लेट० या कोऱ्या साच्यावरून नवा डेटाबेस करा, एलसी_सीटाइप मराठी यूटीएफ-८, मग डम्प-रिस्टोअर (जुना डेटा काढून नव्यात भरणं). एलसी_कोलेट (क्रम लावण्याची सेटिंग) 'सी'च ठेवलात तर 'पाटी%'सारखा सुरुवातीचा शोध साध्या बी-ट्रीवर चालत राहील. तोही बदललात तर त्या बी-ट्रीला टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स हा ऑपरेटर क्लास लागेल.

पंचगंगा_डीबी
चालू सिस्टीमवर क्रिएट इंडेक्स कन्करंटली (नोंदी न थांबवता इंडेक्स करणारी आज्ञा) वापरा, ट्रान्झॅक्शनच्या बाहेर. मध्येच फसला तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो. तो शोधात लागत नाही, पण प्रत्येक नोंदीला वेळ खातो, म्हणून ड्रॉप करून पुन्हा करा. आणि बाकीचे जुने काढताना आयडीएक्स_स्कॅनचे (इंडेक्स किती वेळा वापरला त्याचे) आकडे ऐन हंगामातले धरा. उन्हाळ्यात शून्य दिसला म्हणून काढलेला इंडेक्स पाडव्याला हवा असतो.