सोरायसिसवाल्यांनी इंटरमिटंट फास्टिंग केलंय का? पोटाचाही त्रास आहे, सल्ला हवाय

देवगडची लेक
नमस्कार मंडळी, माझ्या दादाला बरीच वर्षं सोरायसिस आहे, कोपर, गुडघे आणि डोक्यात. सध्या फारच उफाळलाय, सकाळी चादर झटकली की पांढरे पापुद्रे पडतात आणि काळा शर्ट तर त्याने घालायचाच सोडलाय. वजन वाढलंय, पोट कायम फुगलेलं, अॅसिडिटी. आता कुठलासा व्हिडिओ बघून रात्री ८ ते दुपारी १२ काही खात नाही, आणि म्हणतो आतडं साफ झालं की कातडी आपोआप साफ होईल, मग मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी कशाला घ्यायची. मला खरी भीती त्याचीच आहे. आईचं वेगळंच, सकाळची पेज घेत नाही म्हणून ती रोज चिडते. कोणाला फरक पडलाय का?

रत्नागिरीकर
ताई, गोळी त्याला स्वतःच्या मनाने बंद करू देऊ नका, बाकी सगळं नंतर. मलाही सोरायसिस आहे आणि मी १६:८ करतो (१६ तास उपाशी, ८ तासांत खाणं). खाज कमी झाली, कोपरावरचे चट्टे पातळ पडले, पण त्यासोबत वजनही उतरलं आणि मलम चालूच होतं, त्यामुळे सगळं श्रेय उपाशी राहण्याला देणार नाही. रमजानच्या रोजांवर २०१९ मध्ये एक अभ्यास आलाय, १०८ पेशंट, मध्यम ते तीव्र सोरायसिसचे, महिन्याअखेर त्यांचा पासी स्कोअर (चट्टे किती आणि किती जाड त्याचं माप) खाली आला होता. आशा वाटावी असंच आहे, पण महिनाभराचं निरीक्षण आहे ते, त्यावर गोळी सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने सोरायसिसला फायदा होतो याला मात्र चांगला आधार आहे, अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या २०१८ च्या आहार सल्ल्यातही तेच ठळक आहे. ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) बंद करायला त्यांनी सरसकट सांगितलेलं नाही, सीलिअॅकची (ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार) रक्त तपासणी पॉझिटिव्ह असेल तरच.

मेडिकलवाली
मी मेडिकल स्टोअर सांभाळते म्हणून लिहिते. "आतडं साफ" हे डोक्यातून काढायला सांगा त्याला. पोट रिकामं असताना साधारण दीड-दोन तासांनी आतड्यात एक लाट येते, उरलंसुरलं पुढे ढकलते, आणि सारखं चरत राहिलं की ती येतच नाही, म्हणून फास्टिंगमध्ये पोट हलकं वाटतं बऱ्याच जणांना, हे खरं. पण सोरायसिस हा प्रतिकारशक्तीचा आजार, कातडी महिन्याभरात बदलायची ती चार-पाच दिवसांत बदलते. आतड्यातले जंतू आणि या आजाराचा संबंध आहे असं दिसतंय, पण अमुक दिवस उपाशी राहिलं की बरं होतं असं कुणी दाखवलेलं नाही.

मेथोट्रेक्सेटने स्वतःच मळमळ, पोट बिघडणं होतं, म्हणून फॉलिक अॅसिड देतात, ते घेतो का बघा. दारू घेत असेल तर ती आधी बंद, लिव्हरवर दोन्हीकडून मार बसतो. शौचातून रक्त, न थांबणारे जुलाब असलं काही असेल तर पोटाच्या डॉक्टरकडे न्याच, सोरायसिसवाल्यांना क्रोन्सचा (आतड्याला सूज येणारा आजार) धोका जरा जास्त असतो. सकाळी बोटं आखडतात का, टाच दुखते का तेही विचारा, सांध्यांत उतरलं तर उशीर नको. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला न विचारता फास्टिंग अजिबात नाही, साखर एकदम खाली जाते. आणि काउंटरवर मिळणारं स्ट्रॉंग स्टिरॉइडचं मलम कुणी सुचवलं तर घेऊ नका, सोडल्यावर दुप्पट उसळतं.

मालवणी माणूस
ताई, वायच वेळ बदलून बघा. दुपारी १२ ते रात्री ८ च कशाला, सकाळी १० ते संध्याकाळी ६ करा की, म्हणजे आईची उकड्या तांदळाची पेजही पोटात जाते आणि रात्री जेवून लगेच आडवं होऊन जी अॅसिडिटी होते ती पण टळते. रिकाम्या पोटी दोन-तीन कप चहा मारत असेल तर तो आधी तोडा. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स असं आपल्याकडे झालंय, त्यात तेल आणि स्टार्चच जास्त, वजन कसं उतरणार? उपास सोडताना कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, भाजी, तारली नाहीतर बांगडा कालवणात, तळून नको. तारलीत ओमेगा थ्री भरपूर.

आणि एक, हा रोग स्पर्शाने पसरत नाही हे गावात सगळ्यांना ठणकावून सांगा. आमच्याकडे एकाला सलूनवाला केस कापायला नाही म्हणाला होता, माणूस महिनोन्महिने घराबाहेर पडला नाही. त्या ताणानेच आजार आणखी वाढतो.

देवगडची लेक
खूप आभार सगळ्यांचे. दादाला धागा वाचायला दिला, वेळ १० ते ६ करायला तयार झालाय, गोळीचं डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही करणार नाही असं वचन घेतलंय. टाच दुखते म्हणाला, इतके दिवस बोलला नव्हता, ते मेडिकलवाली ताई तुमच्यामुळे कळलं. कणकवली किंवा रत्नागिरीत संधिवात बघणारे चांगले डॉक्टर कोणाला माहीत असतील तर मेसेज करा प्लीज.