दहा पदकं शेफलिनची की किलकेनीची?

लीफीकाठी

डब्लिनमध्ये नऊ वर्षं झाली, आणि ऑफिसातल्या एका कॉर्ककराने मला हर्लिंगचं वेड लावलं. गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्याचं आणि एका किलकेनीवाल्याचं एवढं वाजलं की दोघांचे चहा गार झाले. विषय दरवेळचाच: हेन्री शेफलिन हा आजवरचा सर्वांत मोठा हर्लर की नाही? कॉर्ककर म्हणतो नाही, आणि मी त्याच्या बाजूचा. का, ते इथे मांडतो. तुम्ही झोडा.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. पंधरा-पंधराचे संघ. हातात अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला पसरट असलेली काठी, तिला हर्ली म्हणतात. चेंडू चामड्याचा, त्याचं नाव स्लिटर. आडव्या दांडीखालून जाळ्यात घातला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक. काउंटी-काउंटींमधला (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) सामना सत्तर मिनिटांचा. आणि मुख्य गोष्ट: पगार नाही, लिलाव नाही. ज्या काउंटीच्या मातीतले तुम्ही, तिच्याकडूनच सहसा आयुष्यभर खेळता.

शेफलिन १९७९ सालचा, किलकेनी काउंटीतल्या बॅलीहेलचा. १९९९ ते २०१४ किलकेनीकडून खेळला. ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंटींच्या देशपातळीवरच्या स्पर्धेच्या, विजेतेपदाची दहा पदकं, खेळाडू म्हणून इतकी दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. अकरा वेळा ऑल-स्टार (वर्षातल्या सर्वोत्तम पंधरांत निवड), तीनदा वर्षातला सर्वोत्तम हर्लर (२००२, २००६, २०१२). हे आकडे मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की ती दहा पदकं प्रशिक्षक ब्रायन कोडीच्या किलकेनीची आहेत. पुरावा २००७चा. लिमरिकविरुद्धच्या अंतिम सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटून शेफलिन मध्यंतरालाच बाहेर बसला. किलकेनी तरीही आरामात जिंकली. जो नसताना गाडं अडत नाही, त्याला तुम्ही सर्वकालीन सर्वश्रेष्ठ कसं म्हणता?

माजी_यष्टिरक्षक

२००७ सोयीचं म्हणून काढलंत, २०१० का गिळलंत?

२०१०ला उपांत्य सामन्यात कॉर्कविरुद्ध त्याचा दुसरा गुडघा गेला. महिन्याभरात, शस्त्रक्रिया न करता, माणूस अंतिम सामन्याला उभा राहिला. पंधरा मिनिटंही टिकला नाही. किलकेनी सलग पाचव्या विजेतेपदासाठी खेळत होती, २००६ ते २००९ चारही वर्षं त्यांचीच. टिपररीने ४-१७ विरुद्ध १-१८ (आधी गोल, मग दांडीवरचे गुण) असं धुतलं. गाडं अडलं की नाही?

आणि २००७मध्ये तो मध्यंतराला गेला तेव्हा त्याचं काम झालेलं होतं. किलकेनीच्या सुरुवातीच्या दोन गोलांपैकी एक त्याचा. घर बांधून झाल्यावर गवंडी गेला तर त्याच्याशिवाय बांधलं म्हणायचं का?

लीफीकाठी

@माजी_यष्टिरक्षक, गवंडी आवडला. पण २०१०ला टिपररीच्या लॅर कॉर्बेटने एकट्याने तीन गोल मारले. ते किलकेनीच्या बचावफळीला फोडून मारले. शेफलिन पुढच्या फळीतला. त्याचे दोन्ही गुडघे शाबूत असते तरी कॉर्बेटला त्याने कुठून अडवलं असतं?

उलट मी विचारतो, तो खेळायला उतरलाच का? फाटलेल्या लिगामेंटवर. कोडीने उतरवला की त्याने हट्ट केला, काहीही असो, अंतिम सामन्यातला एक बदली खेळाडू पहिल्या पंधरा मिनिटांत वाया गेला. याला महानता म्हणतात की 'माझ्याशिवाय कसं होईल'?

अंगणातली_चिमणी

मला या खेळातलं शष्प कळत नाही, पण पगार नाही म्हणजे? मैदानात ब्याऐंशी हजार माणसं बसतात ना? मग पोट कशावर भरायचा हा माणूस?

माजी_यष्टिरक्षक

@अंगणातली_चिमणी, बँकेत नोकरी करायचा. रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ८२,००० लोकांसमोर खेळून सोमवारी कर्जाच्या फायली. संघटनेचं नाव गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, १८८४ साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली, आणि खेळाडूला खेळण्याचा पगार द्यायचा नाही हे तत्त्व अजून सोडलेलं नाही. तिकिटांचा पैसा मैदानं, क्लब, पोरांचं प्रशिक्षण यांत जातो. खेळाडूंना सरकारकडून थोडंफार अनुदान मिळतं, पण त्यावर घर चालत नाही.

खवचट_काका

लीफीकाठी साहेब, तुमचा कॉर्ककर कुणाचं नाव पुढे करतो ते अजून सांगितलं नाहीत. मी सांगतो. क्रिस्टी रिंग. कॉर्कच्या माणसापुढे रिंगचं नाव घेताना आवाज खाली करावा लागतो.

रिंग क्लॉइन गावचा, १९२० सालचा. आठ पदकं, १९४१ ते १९५४ दरम्यान. पोटासाठी तेलकंपनीचा ट्रक चालवायचा. आता मुद्दा नीट ऐका. आधी प्रांताची स्पर्धा, ती जिंकणारे पुढे ऑल-आयर्लंडला. रिंगच्या काळात एक सामना हरलात की वर्ष संपलं, सरळ घरी. १९९७पासून प्रांतात हरलेल्या संघालाही पुन्हा संधी मिळू लागली, तिला तिकडे 'मागचं दार' म्हणतात. शेफलिनची पदकं या मागच्या दाराच्या काळातली. आठ आणि दहा एका तराजूत घालता येत नाहीत.

लीफीकाठी

@खवचट_काका, नेमकं हेच तो म्हणतो! २०१२ला लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात गॉलवेने किलकेनीला चांगलंच लोळवलं, आणि सप्टेंबरअखेर त्याच गॉलवेला हरवून किलकेनी ऑल-आयर्लंड जिंकली. रिंगच्या नियमांनी ते पदक मिळालंच नसतं.

माजी_यष्टिरक्षक

काका, हिशोब पुरता करा की. शेफलिनच्या दहा वर्षांपैकी मागच्या दारातून आलेलं वर्ष एकच, २०१२. बाकी नऊ वर्षं किलकेनी लेन्स्टर जिंकून पुढच्या दारानेच आत आली होती. २००० पासून २०१४ पर्यंत एकेक वर्ष तपासून बघा. म्हणजे रिंगच्या नियमांनी मोजलं तरी नऊ. आठापेक्षा नऊ जास्त, एवढं गणित कॉर्कमध्येही शिकवत असतील.

खवचट_काका

@माजी_यष्टिरक्षक, बरोबर आहे, मानलं. एक पदक माझ्या खात्यातून वजा.

पण मग पुढच्या दाराचंही मोजमाप होऊ द्या. कॉर्क मन्स्टर प्रांतातली. तिथे रिंगला टिपररी, लिमरिक, क्लेअर, वॉटरफर्ड यांच्यातून वाट काढावी लागायची. शेफलिनच्या काळातलं लेन्स्टर म्हणजे काय होतं? किलकेनीने १९९८ ते २००३ सलग जिंकलं, पुन्हा २००५ ते २०११ सलग. अंतिम सामन्यात समोर बहुतेक वेळा वेक्सफर्ड. दार पुढचं खरं, पण कडी कुणी घातलीच नव्हती.

सह्याद्रीचा_बोका

मजा येतेय. विटीदांडूत दांडू आमच्याकडेही होता, आमचा शेफलिन का झाला नाही यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

आता कामाचं. मला पदकांपेक्षा २०१२च्या अंतिम सामन्यातली ती पेनल्टी जास्त बोलकी वाटते. सामना बरोबरीत, शेवटची काही मिनिटं, किलकेनीला पेनल्टी. शेफलिन तेव्हा ३३ वर्षांचा, पाठीशी दोन गुडघ्यांच्या आणि खांद्याच्या शस्त्रक्रिया. गोल झाला असता तर खेळ खल्लास. त्याने चेंडू शांतपणे दांडीवरून टोलवला, एक गुण घेतला. भरपाईच्या वेळात गॉलवेच्या जो कॅनिंगने फ्री (फाउलबद्दल मिळालेला मोकळा फटका) मारून बरोबरी केली. त्या दिवशी किलकेनीच्या १९ गुणांपैकी १२ शेफलिनचे होते. लीफीकाठी, 'संघाची पदकं' म्हणताय ना? बाकी चौदा जणांचे मिळून सात.

लीफीकाठी

त्या बारातले बरेचसे फ्रीचे होते, हेही सांगा. आणि ती पेनल्टी म्हणजे कचखाऊपणा होता. सर्वश्रेष्ठ म्हणवणाऱ्याने गोलच मारायला हवा होता. मग पुनर्सामन्याची वेळच आली नसती.

सह्याद्रीचा_बोका

जाळ्यासमोर तीन बचावपटू उभे असायचे त्या काळी पेनल्टीला. अडवली असती तर हातात शून्य, आणि कॅनिंगच्या त्याच फ्रीवर गॉलवे जिंकली असती. पुनर्सामना किलकेनीने ३-२२ विरुद्ध ३-११ जिंकला. तो एक गुण घेतला म्हणून पुनर्सामना झाला. तुम्ही ज्याला कचखाऊपणा म्हणता त्याला आमच्याकडे धोरण म्हणतात.

अंगणातली_चिमणी

मग आता करतो काय तो? की सगळं पदकांवरच भागतंय?

खवचट_काका

@अंगणातली_चिमणी, मार्च २०१५मध्ये बॅलीहेल शॅमरॉक्स या आपल्या गावच्या क्लबला ऑल-आयर्लंड क्लब विजेतेपद मिळवून दिलं आणि आठवडाभरात काउंटीच्या संघातून निवृत्ती. मग त्याच क्लबचा प्रशिक्षक, २०१९ आणि २०२० लागोपाठ विजेते. आणि मग तो गॉलवेचा प्रशिक्षक झाला. किलकेनीचा माणूस गॉलवेकडे! २०२२ला गॉलवेने एका गुणाने किलकेनीला हरवलं तेव्हा सामन्यानंतर कोडीने त्याच्याशी केलेलं हस्तांदोलन इतकं थंड होतं की देशभर आठवडाभर त्याचीच चर्चा.

पण तीन वर्षांत गॉलवेला हाताशी काही लागलं नाही. २०२२ आणि २०२३, दोन्ही लेन्स्टर अंतिम सामने हरला, दोन्ही किलकेनीकडून. दुसरा तर अगदी शेवटच्या क्षणी खाल्लेल्या गोलने. २०२४ला पद सोडलं.

लीफीकाठी

काका, धन्यवाद, हा माझाच मुद्दा. किलकेनी बाजूला काढली की उरतं ते हे.

माजी_यष्टिरक्षक

प्रशिक्षक शेफलिन आणि खेळाडू शेफलिन यांना एका पोत्यात घालू नका. बाहेर उभं राहून ओरडणं वेगळं आणि काठी हातात घेणं वेगळं.

आणि आकड्यांचंच वेड असेल तर हे घ्या. चॅम्पियनशिपमधला सर्वाधिक गुणांचा शेफलिनचा विक्रम २०२१मध्ये जो कॅनिंगने मोडला. पुढे कॉर्कच्या पॅट्रिक होरगनने कॅनिंगलाही मागे टाकलं. होरगनकडे ऑल-आयर्लंडचं पदक एकही नाही, कॅनिंगकडे एक. पदकं संघाची म्हणून बाद करायची तर तुमच्या कॉर्ककराने रिंग सोडून होरगनला सर्वश्रेष्ठ म्हणावं. विचारा त्याला, म्हणतो का.

लीफीकाठी

विचारलं. आत्ताच, फोनवर. आधी हसला, मग म्हणाला "तो प्रश्नच वेगळा आहे", आणि त्यानंतर पाच मिनिटं रिंगच्या आठ पदकांबद्दल बोलत होता.

ठीक आहे, पदकं मोजायची नाहीत हा मुद्दा मी मागे घेतो, कारण तो पाळायला इथे कुणीच तयार नाही. पण पेनल्टी गोलसाठीच मारायला हवी होती यावर मी ठाम आहे.

अंगणातली_चिमणी

एखादा सामना बघायचा असेल तर कुठला बघू?

सह्याद्रीचा_बोका

२००९चा अंतिम सामना, किलकेनी विरुद्ध टिपररी. टिपररी पुढे होती, शेवटच्या टप्प्यात किलकेनीला पेनल्टी मिळाली, आणि त्या वेळी शेफलिनने गोलच मारला. ती पेनल्टी द्यायला हवी होती का, यावर टिपररीत अजून माणसं भांडतात. मी तो भाग दहाएक वेळा मागे-पुढे करून पाहिलाय, मला अजून ठरवता आलेलं नाही. बघून झालं की इथे सांगा.